बाळ गमावल्यानंतर पुन्हा आशा धरताना

कौटुंबिक जीवन : अभ्यासपाठ
वाचनासाठी : १ शमुवेल १:१-२०



काही काळापूर्वी रविवारच्या दुसऱ्या मिस्सेनंतर एक तरुण जोडपे सॅक्रिस्टीच्या दाराशी थांबले होते. सगळे गेल्यावर पत्नीने पर्समधून इस्पितळाचे डिस्चार्ज कार्ड काढले आणि एका शब्दावर बोट ठेवले. तिथे 'ॲबॉर्शन' असे लिहिले होते. ती म्हणाली, "फादर, मी तर काहीच केलं नाही. अकराव्या आठवड्यात बाळाचे ठोके थांबले. मग हा शब्द का लिहिला? मला कन्फेशन करावं लागेल का?"

पती मान खाली घालून उभा होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, पुन्हा प्रयत्न करायला हरकत नाही. घरचे म्हणतात, वर्षभर थांबा. आणि हिला वाटतं, पुन्हा प्रयत्न करणं म्हणजे त्या बाळाला विसरणं."

ते कोण हे कळू नये अशा रीतीने, त्यांच्या संमतीने मी हे लिहीत आहे. कारण हे प्रश्न फक्त त्यांचे नाहीत. आपल्या बाकांवर अशी अनेक जोडपी बसतात आणि गप्प राहतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्याशी काय बोलावे हे न कळणाऱ्या आपणा सर्वांसाठी आजचा हा पाठ आहे.

१. हा माझा दोष आहे का?

आधी त्या शब्दाविषयी. डॉक्टरांच्या भाषेत ठराविक महिन्यांच्या आत गर्भ गेला, की तो आपोआप गेला असला तरी 'ॲबॉर्शन' हाच शब्द वापरण्याची जुनी पद्धत आहे. आपण आणि ख्रिस्तसभा ज्याला पाप म्हणतो ते मुद्दाम केलेले कृत्य वेगळे. पापासाठी जाणीव आणि इच्छा लागते. जे आपल्या इच्छेविरुद्ध घडले, ज्यासाठी आपण रडलो, ते पाप कसे असेल? बाळ पोटातच दगावल्यावर डॉक्टरांनी पिशवी साफ केली असेल, तर तेही पाप नाही. ती मातेची शुश्रूषा आहे. अशा बहिणीला माझ्याकडे यावेसे वाटले तर तिने सांत्वनासाठी जरूर यावे. क्षमा मागण्यासाठी येण्याचे कारण नाही.

तत्त्वज्ञानात आम्हाला एक साधा भेद शिकवला जाई : कारण वेगळे आणि दोष वेगळा. प्रत्येक घटनेला कारण असते, परंतु प्रत्येक कारणामागे दोषी माणूस नसतो. दुःखात आपले मन हे दोन्ही एकत्र करते. "मी बादली उचलली", "मी बसने गेले", "मी पपई खाल्ली", "कुणाची तरी दृष्ट लागली" अशी कारणे शोधत माता स्वतःला शिक्षा करीत राहते.

वैद्यकीय माहिती काय सांगते? गरोदर असल्याचे कळल्यानंतरच्या दर शंभर गरोदरपणांपैकी साधारण १० ते २० अशा रीतीने संपतात. त्यांतील बहुतेक पहिल्या १२ आठवड्यांतच. लवकर घडणाऱ्या या घटनांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये गर्भाच्या गुणसूत्रांतच बिघाड झालेला असतो. तो बहुधा योगायोगाने, गर्भ राहतानाच होतो. घरातील नेहमीचे काम, प्रवास किंवा भांडणातले अश्रू यांमुळे तो होत नाही. मातेचे वय वाढते तसे हे प्रमाण वाढते. पण एकदा बाळ गमावलेल्या बहुतेक स्त्रियांचे पुढचे गरोदरपण सुखरूप पार पडते.

"मग ही देवाची शिक्षा का?" जन्मांध माणसाकडे पाहून शिष्यांनीही प्रभूला हेच विचारले होते : पाप कोणाचे, याचे की याच्या आईवडिलांचे? प्रभू येशूने दोघांनाही दोषमुक्त केले (योहान ९:१-३). देवाने मृत्यू निर्माण केला नाही, असे शलमोनाच्या ज्ञानग्रंथाचा पहिला अध्याय शिकवतो (१:१३). देव एखादी गोष्ट घडू देतो आणि देवाला ती हवी असते, या दोन गोष्टी एक नव्हेत.

इटलीतील संत ज्यान्ना बेरेत्ता मोल्ला या स्वतः डॉक्टर होत्या. त्यांच्या तिसऱ्या आणि चौथ्या अपत्यांच्या दरम्यान त्यांची दोन बाळे पोटातच गेली. चौथे अपत्य असलेली मुलगी २१ एप्रिल १९६२ रोजी जन्मली आणि आठवड्याने, २८ एप्रिलला, ज्यान्ना निधन पावल्या. पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी १६ मे २००४ रोजी त्यांना संतपद बहाल केले. त्यांच्या बलिदानाचे ओझे मी कोणाही मातेवर ठेवू इच्छित नाही. इथे एवढेच लक्षात घ्यावे : संतांच्या घरातही बाळे दगावतात. बाळ जाणे हे श्रद्धा कमी पडल्याचे लक्षण नव्हे.

२. जे बाळ गेले, ते कोण होते?

"अजून काही आकार तरी आला होता का?" असे काही जण समजूत घालण्यासाठी म्हणतात. आपली शिकवण याच्या उलट आहे. गर्भधारणेच्या क्षणापासून ते एक मानवी जीवन असते. आईच्या उदरात देवाने मला घडवले, असे स्तोत्रकर्ता गातो (स्तोत्र १३९). यिर्मयाला तर देव सांगतो की, उदरात घडवण्यापूर्वीच तो त्याला ओळखत होता (यिर्मया १:५). म्हणून तुमचे दुःख खरे आहे. ते अकरा आठवड्यांचे आहे म्हणून लहान ठरत नाही.

"बाप्तिस्मा झाला नाही, मग आमचे बाळ कुठे आहे?" हा प्रश्न आजही आजीबाई हळूच विचारतात. पूर्वी 'लिंबो'विषयी शिकवले जाई, परंतु तो ख्रिस्तसभेचा श्रद्धासिद्धांत कधीच नव्हता. अशा बाळांना ख्रिस्तसभा देवाच्या दयेच्या हाती सोपवते आणि त्यांच्या तारणाची आशा बाळगते, असे कॅथोलिक कॅटेकिझम सांगतो (क्रमांक १२६१). २००७ साली आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने याच विषयावर सविस्तर दस्तऐवज प्रसिद्ध केला. बाप्तिस्म्याशिवाय गेलेली बालके तारण पावतील अशी आशा धरण्यास भक्कम आधार आहे, असा त्याचा निष्कर्ष आहे. मुलांना आपल्याजवळ बोलावणारा प्रभू त्यांना दाराबाहेर ठेवणार नाही.

मृत बाळाला बाप्तिस्मा देता येत नाही, परंतु बरेच काही करता येते. आईवडील बाळाला नाव देऊ शकतात. त्याच्या आठवणीसाठी मिस्सा ठेवता येते. बाप्तिस्म्यापूर्वी गेलेल्या बालकांसाठी ख्रिस्तसभेच्या अंत्यविधीत प्रार्थना आहेत. इस्पितळाकडून शरीर मिळाले, तर ते आदराने आपल्या दफनभूमीत ठेवता येते. त्यासाठी संकोच न करता मला वेळीच कळवा. लाजण्यासारखे यात काहीही नाही.

३. पुन्हा प्रयत्न म्हणजे विसरणे का?

प्रत्येक आत्मा देव स्वतः निर्माण करतो, ही आपली श्रद्धा आहे. म्हणून एक व्यक्ती दुसऱ्या व्यक्तीच्या जागी बसू शकत नाही. फुटलेला पेला बदलून मिळतो, व्यक्ती बदलून मिळत नाही. पुढे बाळ झालेच, तर ते पहिल्याच्या 'बदल्यात' आलेले नसेल. ते त्याचे धाकटे भावंड असेल. गेलेले बाळ तुमचे पहिले मूल होते आणि राहील. हे मान्य केले की मन मोकळे होते. पहिल्यावरचे प्रेम कमी न करताही दुसऱ्यासाठी जागा होते, हे चार मुलांच्या आया आपल्याला रोज दाखवतात.

या भेदाचा दुसरा फायदा येणाऱ्या बाळाला होतो. त्याने दुःख पुसण्याचे काम घेऊन जन्माला येऊ नये. त्याला त्याच्यासाठीच प्रेम मिळावे.

४. मग पुन्हा कधी?

मी डॉक्टर नाही. आपल्या डॉक्टरांचा सल्ला नेहमी वरचढ समजावा. तरीही घराघरांत चुकीच्या समजुती चालतात, म्हणून काही ठळक गोष्टी देत आहे.

(अ) 'किमान सहा महिने थांबा' हा सल्ला २००५ सालच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालात होता. त्यानंतर २०१० साली स्कॉटलंडमधील ३० हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिले बाळ गेल्यावर सहा महिन्यांच्या आत पुन्हा गरोदर राहिलेल्यांना अधिक धोका नव्हता. उलट परिणाम काहीसे चांगले होते. पुढील अभ्यासही त्याच दिशेचे आहेत. म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत, गुंतागुंतीशिवाय बाळ गेले असेल, तर शरीर सावरल्यावर आणि दोघांची मने तयार झाल्यावर सर्वसाधारणपणे थांबण्याची सक्ती नसते. बाळ गेल्यानंतर दोन ते चार आठवड्यांतही स्त्रीबीज पुन्हा तयार होऊ शकते, हेही ध्यानात ठेवावे.

(आ) काही प्रसंगी मात्र थांबावेच लागते. गर्भ नळीत राहिला होता आणि मेथोट्रेक्सेट हे औषध दिले असेल, तर सहसा किमान तीन महिने. द्राक्षगर्भ असेल, तर रक्ततपासण्या पूर्ण होऊन डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत. बाळ शेवटच्या महिन्यांत गेले असेल किंवा सिझेरियन झाले असेल, तर डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे.

(इ) प्रयत्न सुरू करण्यापूर्वीपासून गरोदरपणाच्या १२ आठवड्यांपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावे. ते बाळाच्या मेंदू व मणक्यातील दोष टाळण्यास मदत करते. काही स्त्रियांना अधिक मात्रा लागते, ती डॉक्टर ठरवतील. मातेचा रक्तगट निगेटिव्ह असेल, तर अँटी-डी इंजेक्शनविषयी विचारावे. ते ७२ तासांच्या आत द्यायचे असते.

(ई) थायरॉईड आणि मधुमेह तपासून घ्यावा. तंबाखू, मिश्री, सिगारेट, दारू दोघांनीही सोडावी. होय, दोघांनीही! मूल न राहण्याचे कारण कितीतरी वेळा पुरुषात असते. तरी आपल्याकडे तपासणीच्या रांगेत एकटी सून उभी असते. पतीची साधी वीर्यतपासणी सुरुवातीलाच व्हावी. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस गेले नाहीत, तर डॉक्टरांकडे जावे. पत्नीचे वय ३५च्या पुढे असेल, तर सहा महिन्यांतच जावे.

(उ) दोन किंवा अधिक वेळा असे घडले, तर "नशीब" म्हणून बसू नये. रक्तात गुठळ्या करणारा एक विकार, गर्भाशयातील पडदा, थायरॉईड अशी काही कारणे तपासात सापडतात आणि त्यांवर उपचार आहेत. सलग तीन किंवा अधिक बाळे गमावणारी जोडपी शंभरात सुमारे एक असतात. त्यांच्यापैकीही अनेकांच्या मांडीवर पुढे बाळ खेळते.

(ऊ) नोकरी करणाऱ्या बहिणींसाठी : बाळ असे गेल्यास सहा आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यात होती. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती ठेवली आहे. तिसऱ्या दिवशी लोकल पकडून कामावर जाण्यापूर्वी विचारून पाहा.

५. ख्रिस्तसभा कोणता मार्ग दाखवते?

विवाहपूर्व शिबिरात नैसर्गिक कुटुंबनियोजनाचा पाठ झाला, तेव्हा अनेकांनी तो 'मूल टाळण्याचा' पाठ समजून ऐकला. ऑस्ट्रेलियातील जॉन आणि एव्हलिन बिलिंग्ज या डॉक्टर दांपत्याने विकसित केलेली पद्धत मूल हवे असतानाही तितकीच उपयोगी पडते. स्त्रीने शरीरातील स्रावाच्या खुणा रोज नोंदवल्या, की गर्भधारणेला अनुकूल दिवस कळतात. पतीने ती नोंद समजून घेतली, तर प्रयत्न हा दोघांचा होतो.

आजाराचे निदान, औषधे, नळ्यांची किंवा गर्भाशयाची शस्त्रक्रिया यांना ख्रिस्तसभेचा पाठिंबा आहे. पतिपत्नीच्या मीलनाची जागा प्रयोगशाळेने घ्यावी, याला मात्र ती मान्यता देत नाही. १९८७ सालच्या 'दोनुम विते' आणि २००८ सालच्या 'दिग्नितास पर्सोने' या दस्तऐवजांत त्याची कारणे आहेत. मूल हे दान आहे, हक्क नव्हे. ते घडते प्रेमात, त्याची निर्मिती करून निवड होऊ नये. टेस्ट ट्यूब पद्धतीत शिल्लक राहणारी भ्रूणे गोठवली किंवा टाकली जातात, हाही गंभीर प्रश्न आहे.

हे वाचून काहींच्या मनाला लागेल, याची मला जाणीव आहे. ज्यांनी तो मार्ग घेतला, त्यांच्यासाठी चर्चचे दार बंद नाही. त्या मार्गाने जन्मलेले मूल देवाला तितकेच प्रिय आहे आणि त्याचा बाप्तिस्मा तितक्याच आनंदाने होईल. जे निर्णयाच्या उंबरठ्यावर आहेत त्यांना विनंती, पैसे भरण्यापूर्वी एकदा येऊन बोला. दत्तकाचाही मार्ग आहे. आपल्या देशात आज बाल न्याय कायद्याखाली ख्रिस्ती दांपत्यालाही मूल पूर्ण कायदेशीर हक्कांनिशी दत्तक घेता येते. परंतु शोकात असलेल्यांना "मग दत्तक घ्या ना" असे कोणी पटकन सुनावू नये.

६. हन्नाच्या भोवतालची माणसे

आता आजचे वाचन उघडा. हन्ना मुलासाठी रडते आहे. तिच्याभोवती तीन माणसे आहेत. पनिन्ना तिला टोमणे मारते. तिच्याविषयी काय बोलावे! पती एलकाना तिच्यावर खरे प्रेम करतो, पण म्हणतो की, मी तुला दहा मुलांहून अधिक नाही का? हेतू चांगला, तरी तिचे दुःख त्याने ऐकले नाही, मोजले. तिसरा एली, मंदिराचा याजक. ओठ हलताना पाहून त्याला ती दारू प्यायलेली वाटते.

एलीविषयी वाचताना मला संकोच वाटतो. पुरोहितपणाच्या पहिल्या वर्षांत मीही अशा एका घरी गेलो, "देवाची इच्छा" एवढे म्हणालो, चहा घेतला आणि निघालो. एलीच्या बाजूने एक गोष्ट मात्र आहे. हन्नाने उत्तर दिल्यावर त्याने आपले मत बदलले, तिचे ऐकले आणि तिला आशीर्वाद दिला. आपणही तेवढे करू शकतो.

म्हणून "होईल दुसरं", "देवाला फूल आवडलं", "पुढच्या वेळी जप" ही वाक्ये टाळू या. "मला वाईट वाटतं", "बाळाचं नाव काय ठेवलं?", "आज जेवण मी पाठवते" ही पुरेशी आहेत. अशा बहिणीला बारशाला, लग्नघरी बोलवावे आणि ती आली नाही तर रागावू नये. तिला अपशकुनी समजणे हे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही. पतीलाही विचारा. तोही बाप होता.

७. आशा म्हणजे हमी नव्हे

आता त्या जोडप्याच्या मनातल्या मोठ्या भीतीकडे येतो : "पुन्हा तसेच झाले तर?"

संत थॉमस अक्वायनस यांनी आशेच्या चार खुणा सांगितल्या. आशा चांगल्या गोष्टीची असते. ती गोष्ट अजून यायची असते. ती कठीण असते. आणि ती शक्य असते. यांतली 'शक्य' ही खूण पुसली की निराशा उरते : "आता आमचं काही होणार नाही." 'कठीण' ही खूण पुसली की फाजील खात्री उरते : "नवस बोललोय, आता होणारच." पहिलीत माणूस देवाकडे पाठ फिरवतो आणि दुसरीत देवाशी सौदा करतो. खरी आशा या दोहोंच्या मध्ये चालते. तिला भीती वाटते, तरी ती पाऊल टाकते. दुसऱ्या गरोदरपणात प्रत्येक सोनोग्राफीच्या आदल्या रात्री झोप न लागणे हा श्रद्धेचा अभाव नव्हे. ती आशेची कठीण बाजू आहे.

वाचनातील अठरावे वचन पुन्हा वाचा. प्रार्थना करून हन्ना परतली, जेवली आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहिला नाही. शमुवेल तेव्हा तिच्या पोटात आलाही नव्हता. तिला कोणीही तारीख दिली नव्हती. फक्त आपले दुःख देवापुढे पूर्ण ओतले गेले आणि ते ऐकले गेले, एवढे तिला कळले होते. मी त्या जोडप्याला बाळाचे वचन देऊ शकलो नाही. तो अधिकार मला नाही. एवढेच सांगितले की देव तुमचे पहिले बाळ विसरलेला नाही आणि पुढच्या वाटेवर तुम्ही एकटे नसाल. मग आम्ही तिघे अल्तारापुढे बसलो. बऱ्याच वेळाने तिने बाळाचे नाव सांगितले. ते मी मिस्सेच्या वहीत लिहून घेतले.

चिंतन व चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वॉर्डात कोणी बाळ गमावले, तर आपण हन्नाच्या गोष्टीतील कोणासारखे वागतो?
२. आपल्या घरात मूल न होण्याचा दोष कोणाच्या माथी मारला जातो? का?
३. पतिपत्नींनी एकमेकांना विचारावे : त्या दिवसाविषयी तू मला अजून काय सांगितले नाहीस?

प्रार्थना

हे जीवनदात्या देवा, ज्यांचा पाळणा रिकामा राहिला त्यांचे अश्रू तू पाहिले आहेस. आम्ही न पाहिलेल्या बाळांना तू आपल्या कुशीत घे. पुन्हा आशा धरणाऱ्या पतिपत्नींना निरोगी शरीर, शांत मन आणि एकमेकांची साथ दे. आमच्या ओठांना जपून बोलायला आणि आमच्या कानांना ऐकायला शिकव. तू जे देशील आणि ज्या वेळी देशील, त्यात तुझे प्रेम ओळखण्याची कृपा आम्हांस दे. आमच्या प्रभू ख्रिस्ताद्वारे. आमेन.

– आपला धर्मगुरू